नोकरी आणि घर सांभाळून रियाजाची घडी कशी बसवता?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. मी लातूरची, बँकेत नोकरी. गाणं शिकते. गाण्याची मध्यमा पूर्ण ही परीक्षा लग्नाआधी झाली, मग बरीच वर्षं खंड पडला. आता गुरुजींकडे परत जायला लागले आहे आणि पुढच्या परीक्षेला, विशारद प्रथमला, बसायचं मनात आहे.

दिवस असा असतो: पहाटे साडेपाचला उठणं, दोन डबे, नळाचा दिवस असेल तर पाणी भरणं, साडेनऊला घराबाहेर. परत येईस्तोवर सात. मग स्वयंपाक, मुलीची दहावी. रात्री दहाला हात मोकळे होतात, पण तेव्हा सासरे झोपलेले असतात आणि फ्लॅटची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. ओढूनताणून सकाळी सहा ते साडेसहा एवढा अर्धा तास निघतो.

"आवड असली की सवड मिळते" हे ऐकून झालंय. सवड काढलीच आहे. त्या अर्ध्या तासात तुम्ही नेमकं काय करता, ते मला हवंय. माझं मत असं की रियाज मोडतो तो वेळ नाही म्हणून कमी आणि बसल्यावर काय करायचं हे ठरलेलं नसतं म्हणून जास्त. तानपुरा सुरू करायचा, आज काय गावं यात दहा मिनिटं घालवायची आणि येणारीच बंदिश गाऊन उठायचं, असं कितीतरी जणांचं होताना बघते. याला तुम्ही रियाज म्हणाल का?

तबला, पेटी, बासरी, मृदंग, सगळ्यांनी लिहा.

तिरकिट

पहिला नंबर माझा!

ताई, परभणीहून लिहितोय. तबलेवाल्याला भिंतीचीच नाही, खालच्या मजल्याचीही काळजी. आमच्या खालच्या काकू जिन्यात भेटल्या की विचारतात, "आज धा तिट नाही झालं वाटतं?" हजेरी त्याच घेतात.

आता कामाचं. मी एका महिन्याला एकच कायदा (तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना) धरतो. सध्या दिल्ली घराण्याचा "धाति टधा तिट धाधा तिट धागे तिना किना" चालू आहे. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ठाय, म्हणजे संथ लयीत लावायचा, बोट स्वच्छ पडतंय तोवर लय वाढवायची नाही. वाढवलीच तर आठवड्याला चार-पाच ठोके. ज्या लयीत "तिट" चिकट वाजतं तिथून दोन पायऱ्या खाली उतरून परत वर यायचं. रात्री उशीर झाला तर वाकळेची जाड घडी करून तिच्यावर बोल. हाताला जोर येतो, पण नाद कळत नाही, म्हणून आठवड्यातून तीन दिवस तरी खरा तबला हवाच.

जुना_गवई

स्पष्ट लिहितो, राग नसावा. अर्ध्या तासात गळा नुसता तापतो. आमच्याकडे पहाटे चारला उठून तासभर खर्ज (खालच्या सुरांचा अभ्यास), मग पलटे (ठरावीक क्रमानं फिरवलेले स्वर), मग राग. चाळीस दिवसांचा चिल्ला, म्हणजे अखंड रियाज, करणारे लोक आम्ही पाहिलेत. गाणं सगळं मागतं. वेळ नसेल तर ऐकावं, रसिक व्हावं, त्यात कमीपणा नाही. पण अर्ध्या तासाला साधना म्हणू नये.

धुम

बीड जिल्हा, केज तालुका. शेती करतो आन् सप्त्यात मृदंग वाजवतो.

गवईबुवांचं खरं हाय, पण आमच्यासारख्यानं मग काय करावं? सोयाबीन काढणीला आलं की पंधरा दिवस हात वाद्याला लागत नाही. कापूस वेचणी चालू झाली की बोटाच्या पेरांना बोंडाची टोकं लागून चिरा पडतात, तशा बोटांनी थाप मारवत नाही.

माझी अडचण अजून येगळी. मृदंगाच्या धुमेला, म्हंजी जाड आवाजाच्या तोंडाला, कणीक लावावी लागती. गव्हाचं पीठ घट्ट मळायचं, वाटीएवढा गोळा थापायचा, सूर बघायचा, जड झाला तर नखानं थोडा काढायचा. वाजवून झालं की खरवडून पुसून ठेवायचं. एवढ्यात पंधरा मिनिटं जात्यात. घरात भाकरी ज्वारीची, गव्हाचं पीठ सणासुदीला. आई म्हणायची, "पीठ मृदंगाला का लेकरांना?"

मंग मी असं केलं. हाताच्या तयारीसाठी मृदंग काढतच नाही. गोठ्याम्होरं लाकडी पाट हाय, धार काढून झाली की त्याच्यावर बोल. तोंडानं पढंत, हातानं पाटावर. एकादशीला आन् रविवारी कणीक. कोजागरीपासून कार्तिकी पुनवेपर्यंत देवळात काकडा असतो, त्या महिन्यात रोज पहाटं खरा मृदंग आपसूक होतो. वरसाचा हिशेब असा बसवलाय, दिवसाचा नाही.

पाटानं मोकळं पाणी सोडलं की रानाच्या बाहीर जातं, ठिबकनं मुळाला लागतं. अर्धा तास मुळाला लागला तर लई झाला.

मांजराकाठ

धुमदादा, वर्षाचा हिशेब ही गोष्ट माझ्या डोक्यात कधीच आली नव्हती. आमच्याकडे मार्चअखेर म्हणजे बँकेची सुगीच. त्या महिन्यात रियाज आटणार हे आधीच धरून चाललं तर मन खात नाही.

कूलरवाला

सगळे वेळेवर बोलायलेत, उन्हाळ्याचं कोणीच बोलंना! संभाजीनगरात मे महिन्यात दार-खिडक्या बंद, कूलर चालू. त्या घरघरीत तानपुरा ऐकू येत नाही. कूलर बंद केला की दोन पलट्यांत घाम. आमच्या कूलरचा पंखा पेटीच्या पांढरी चार या सुराच्या आसपास घोंगावतो, माझी पट्टी (माझा सा) काळी एक. गळा सारखा तिकडं ओढला जातो.

उपाय विचारायलो, चेष्टा नाही.

तिरकिट

@कूलरवाला, एका कानात इअरफोन घालून तानपुरा, दुसरा कान आपल्या आवाजाला मोकळा. आवाज बारीक ठेवा, नाहीतर आपण ओरडतो.

तबल्याचं उन्हात उलटं. कोरड्या हवेत पुडी (तबल्याचं कातडं) ताणून सूर चढतो, पावसाळ्यात ओल धरली की उतरतो. मे महिन्यात हातोडी जवळ ठेवूनच बसतो आणि पाच मिनिटं सूर मिळवण्यातच जातात. तीही कानाची तयारीच धरतो मी.

वेळूचे_बन

बासरीवाल्यांनाही ऊन बाधतं. कोरड्या हवेत वेळू तडकतो. दोऱ्याचे घट्ट वेढे, अधूनमधून आतून हलका तेलाचा हात, आणि बासरी कधीही गाडीच्या डिकीत ठेवू नका.

माझा रियाज पंधरा मिनिटं दीर्घ स्वर, बस. बाकी सगळं झालं तर बोनस.

शाळामास्तर

जिंतूरजवळच्या गावात जिल्हा परिषद शाळेवर आहे. पेटी आणि गाणं दोन्ही. आमच्या धंद्यात गळाच दिवसभर खर्ची पडतो. चौथीच्या वर्गाला पाच तास शिकवून आल्यावर संध्याकाळी तार सप्तकात (वरच्या सुरांत) जाणं म्हणजे गळ्यावर अत्याचार. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मला दोन गोष्टी बजावल्या: दिवसभर घोट घोट पाणी, आणि आवाज बसला की कुजबुजायचं नाही. कुजबुजण्यानं गळ्याला विश्रांती मिळत नाही, उलट ताण पडतो. एक तर साध्या आवाजात बोला नाहीतर गप्प राहा.

म्हणून संध्याकाळी गळा बंद, बोटं चालू. पेटीवर तेच पलटे वाजवतो आणि मनात सूर धरतो. "सारेग रेगम गमप" वाजवताना पुढचा स्वर बोट पडायच्या आधी मनात ऐकायचा. ज्या दिवशी ऐकू येत नाही त्या दिवशी पेटी बंद करून नुसता तानपुरा लावून बसतो.

ताई, बँकेत काउंटरवर असाल तर तुमचंही बोलणं कमी नसेल. सकाळचाच वेळ धरा.

जुना_गवई

सकाळचा वेळ धरा म्हणता, पण परीक्षेचे राग संध्याकाळचे असले तर? प्रत्येक रागाचा समय ठरलेला, मग सकाळी सहाला यमन गाणार का? भैरव गावा, तोडी गावी. कोमल रिषभाचं आंदोलन पहाटेच्या शांततेतच उतरतं.

गोदाकाठ_नांदेड

समयाच्या मुद्द्यावरून आठवलं. मी नांदेडची, शीख नाही, पण लहानपणापासून सचखंड गुरुद्वाऱ्यात कीर्तन ऐकत आले. गुरु ग्रंथ साहिबची मांडणीच रागांवर आहे, मुख्य राग ३१. पहाटे आसा दी वार ही गुरुवाणी गातात. तिथल्या रागींना (कीर्तन गाणाऱ्यांना) "आज रियाज झाला का" असं कोणी विचारत नाही, कारण गाण्याची वेळ सेवेची वेळ आहे. सूर लागो न लागो, त्या घटकेला बसायचंच.

मला वाटतं, घरात देवपूजा जशी कोणी अडवत नाही तसं रियाजाला स्थान मिळालं की निम्मं काम झालं. बाईच्या रियाजाला घर "मोकळा वेळ" समजतं आणि त्यातच धुणं, दूध, फोन घुसतात. मी घरात सांगूनच टाकलं: तानपुऱ्याचा आवाज चालू असेल तर मी घरी नाही. मुलगा आता दारातून परत जातो. पहिले काही दिवस जड गेलं, सासूबाईंना तर फारच. पण सांगितलं नसतं तर कधीच झालं नसतं.

पोळी_भाजी_पलटे

गोदाकाठताई, प्रचंड अनुमोदन.

मी धाराशिवला असते, माझं बाळ दीड वर्षाचं. ते उठेल तेव्हा रियाज संपला. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं सगळ्यात आधी. आवडीचं शेवटी, मिळालं तर. खर्ज आणि एक पलटा झाला की पुढचं गेलं तरी चालतं.

संथ_लय

उशिरा आलो धाग्यावर. बरीच वर्षं गाणं शिकवतो, बहुतेक विद्यार्थी नोकरदार, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी गवईसाहेबांच्या मुद्द्याला. चिल्ल्याबद्दल आदर आहेच, आणि ज्याला व्यासपीठावर जायचंय त्याला तास मोजून चालणार नाही. पण विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेच मुळी गुरुगृही न राहणाऱ्या माणसाला गाणं शिकता यावं म्हणून. वर्ग, वेळापत्रक, अभ्यासक्रम हे सगळं तिथून आपल्यापर्यंत आलं. संसारी माणसाचं शिक्षण हीसुद्धा परंपराच आहे, तिला सव्वाशे वर्षं झाली.

समयाबद्दल: मैफिलीत मी समय पाळतो, रियाजात नाही. यमन सकाळी सहाला घोटल्यानं बिघडत नाही. तीव्र मध्यम कानात पक्का करायला सकाळचा ताजा कान उलट चांगला. गवईसाहेबांना हे पटणार नाही, माझ्या गुरूंनाही पटलं नसतं.

आता मांजराकाठताईंचा अर्धा तास. मी विद्यार्थ्यांना असा लावून देतो:

पहिली सात-आठ मिनिटं षड्ज (सा) आणि त्याखाली मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, एका श्वासात एक स्वर. बायकांची पट्टी काळी चारच्या आसपास असते, तेव्हा मंद्र पंचमापर्यंत जोर न लावता जाता आलं तर उत्तम, नाहीतर धैवतावर थांबा. खर्ज म्हणजे खाली ढकलणं नव्हे. जबडा सैल आहे ना, एवढं आरशात बघा.

पुढची दहा मिनिटं एकच पलटा, आणि तोही रागाच्या स्वरांतला. यमन चालू असेल तर तीव्र मध्यमासकट. आधी सरगम (स्वरांची नावं घेऊन), मग आकार (नुसत्या 'आ'वर). एकच. नोकरदार विद्यार्थी मला सांगतात "आज आठ पलटे झाले", मी विचारतो, त्यातला कोणता झोपेतून उठवलं तर येईल?

उरलेल्या वेळात रागाचा एक तुकडा. संपूर्ण राग नाही. सोमवारी फक्त मंद्र निषादापासून गंधारापर्यंतची बढत (सावकाश विस्तार). यमनात वादी (मुख्य स्वर) गंधार, संवादी (दुसरा महत्त्वाचा) निषाद, त्या दोघांवर थांबता आलं की निम्मा राग हातात आला. मंगळवारी गंधार ते पंचम. बुधवारी बंदिशीचा मुखडा (सुरुवातीची ओळ), आणि तबल्याच्या ठेक्यावर नुसतं समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येणं, पुन्हा पुन्हा. गुरुवारी अंतरा. शुक्रवारी ताना, ठाय लयीत. शनिवारी सगळं जोडून एकदा गाणं आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण. रविवारी ते ऐकणं, गाणं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, उद्या काय करायचं ते आज रात्री एका ओळीत वहीत लिहा. "ग वरून प, मींड (सलग सरकणारा सूर) तुटते" एवढंच. सकाळी वही उघडली की विचार करावा लागत नाही. ताई, तुमचं मूळ निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे, त्यावर उपाय ही ओळ.

एका बैठकीत तीन तास गाण्यापेक्षा रोज थोडं केलेलं पक्कं बसतं. मधल्या झोपेत हाताची आणि गळ्याची सवय मुरते. रविवारी तीन तास गाऊन आठवडा भरून काढता येत नाही, हे मी कितीतरी गुणी मुलांच्या बाबतीत बघितलंय.

तिरकिट

_/\_ वाचनखूण साठवली.

अपडाऊन

रोज परभणी-नांदेड रेल्वेनं येजा. गाडीत रियाज होत नाही हे मान्य, पण तालाचं काम फार छान होतं. बोटांच्या पेरांवर झपतालाच्या दहा मात्रा, मनात बंदिश, समेवर अंगठा. पूर्णा येईपर्यंत एकतालात एक बंदिश चार वेळा मनात म्हणून होते. शेजारचे समजतात मी जप करतोय, कोणी त्रास देत नाही :)

आणि ऐकणं हाही रियाजाचा भाग धरा. एका आठवड्यात एका गायकाचा एकच राग. आपल्या पं. नाथराव नेरळकरांचं गाणं मी असंच आठवडा आठवडा ऐकलं. आपल्या नांदेडचा माणूस काय गात होता हे आपल्याच पोरांना माहीत नसतं. वेरूळ महोत्सव, अंबाजोगाईचा यशवंतराव चव्हाण समारोह, जिथं जमेल तिथं समोर बसून ऐका.

शाळामास्तर

अंबाजोगाईच्या समारोहाला दरवर्षी जातो. यंदा या धाग्यावरचे कोणी भेटले तर चहा माझ्याकडून.

धुम

चहा नको, भजन लावा.

जुना_गवई

संथ_लय यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. समयाबद्दल माझं मत तेच, सकाळचा यमन माझ्या कानाला सोसत नाही. पण एक पलटा, एक तुकडा आणि वही हे आमच्या गुरुजींच्या पद्धतीहून वेगळं नाही. ते वही लिहू देत नसत, काल कुठं अडलं होतं ते आज तोंडी विचारत. घरी तुम्हाला विचारणारं कोणी नाही, म्हणून वही.

एक सुचवतो. मोबाइलवरचा तानपुरा चालेल, पण षड्ज आपला आपण लावायला शिका. तानपुरा सुरू करण्याआधी सा म्हणा, मग सुरू करा. किती चुकतो ते रोज बघा. महिन्याभरात कान बदलतो.

कूलरवाला

इअरफोनचा उपाय करून बघितला, चाललं. आता काळी एक काळी एकच राहते.

मांजराकाठ

सगळ्यांचे खूप आभार. वही आणलीय आणि तानपुऱ्याआधी सा लावायची सवय करतेय. गोदाकाठताईंचं बघून घरातही सांगितलं. मुलगी म्हणाली, "मग माझ्या अभ्यासाच्या वेळीसुद्धा कोणी हाक मारायची नाही." हे अगदी रास्त आहे.

आठवड्याचा आराखडा असा केलाय: सोमवार ते शुक्रवार संथ_लय यांनी सांगितला तसाच. नळाच्या दिवशी फक्त खर्ज आणि पलटा. मार्चमध्ये पंधरा मिनिटांवर यायचं, बंद करायचं नाही. परीक्षा एप्रिल-मेऐवजी नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात द्यायची, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने सलग मिळतात.

एक प्रश्न राहिला. विशारदला बडा ख्याल (संथ लयीतलं विस्तारानं गायचं गाणं) आलाच. विलंबित एकतालाचं बारा मात्रांचं एक आवर्तन एवढं लांब असतं की अर्ध्या तासात खर्ज-पलटे करून आलाप बसत नाही. तेव्हा पहिला भाग कापायचा का?

संथ_लय

खर्ज कापू नका. पलटा पाच मिनिटांवर आणा, आणि तो बड्या ख्यालाच्याच रागातला घ्या. विलंबितात सुरुवातीला पूर्ण आवर्तन भरायचा हट्ट नको. शेवटच्या चार मात्रांत मुखडा धरून समेवर येणं एवढंच आठवडाभर करा. पुढच्या आठवड्यात पाचव्या ते आठव्या मात्रेची जागा भरा, मग त्याआधीची. बारा मात्रा उलट्या बाजूनं भरत यायच्या.

तिरकिट

ताई, ठेका हवा असेल तर विलंबित एकताल अतिविलंबितापासून मध्य लयीपर्यंत चार वेगात वाजवून ठेवतो, रविवारी इथंच टाकतो. पट्टी काळी चार धरू ना?